जाग आल्यानंतरची पाच मिनिटे

रात्रीची सगळी आवराआवर झाली, दिवे मालवले, की आमच्या घरात शेवटचा आवाज व्हायचा तो क्रेटच्या, म्हणजे कुत्र्याला झोपवायच्या सळयांच्या पेटीच्या, खिट्टीचा. आधी सळई सरकल्याची किरकिर आणि मग एक छोटा, कोरडा ‘खट्’. भुंगा, आमचे कुत्र्याचे पिल्लू, आठ आठवड्यांचा असताना घरी आला आणि त्या रात्रीपासून तो ‘खट्’ आमच्या दिवसाचा पूर्णविराम होऊन बसला. तो ऐकला की मला निश्चिंत वाटे आणि निश्चिंत वाटल्याची थोडी लाजही वाटे. कारण ज्याला घरातला म्हणून आणले त्याला रोज रात्री बाहेरून खिट्टी लावायची आणि आपण मोकळ्या अंथरुणावर जाऊन पडायचे, ही गोष्ट मनाला कितीही समजावली तरी कुठेतरी बोचत राहतेच. ही खिट्टी लावणे नेमके कधी थांबवायचे, या एका प्रश्नात माझे जवळजवळ वर्ष गेले.

आई त्याला क्रेट म्हणत नसे. ती सरळ पिंजरा म्हणे, आणि त्या एका शब्दात तिचा निकाल लागलेला असे. ‘घातलंस का त्याला पिंजऱ्यात?’ असे तिने फोनवर विचारले की पुढे बोलण्यासारखे काही उरत नसे. एकदा मी चिडून म्हटले, ‘आई, अगं मलाही तू पाळण्यात ठेवायचीसच की.’

‘पाळण्याला दार नव्हतं.’

‘कठडा तर होता ना?’

‘होता. आणि तू कठड्यावर पाय टाकायला लागलीस त्या दिवशी पाळणा माळ्यावर गेला,’ आई म्हणाली. त्या वेळी मला ते निरुत्तर करणारे वाटले. पुढे कळले की खरी अडचण तिथेच होती. मूल मोठे झाल्याचे मूल स्वतःच दाखवून देते. क्रेटमधले पिल्लू मात्र कठड्यावर पाय टाकत नाही. दार उघडेपर्यंत ते आत शहाण्यासारखे झोपलेले असते आणि दार उघडल्यावर ते काय करील, हे बंद दारातून कधीच दिसत नाही.

सुरुवातीचे महिने तसे सोपे होते, कारण तेव्हा प्रश्न एकच होता आणि तो मूत्राशयाचा होता. पिल्लू जितक्या महिन्यांचे असेल त्यात एक मिळवावा, तितके तास ते दिवसा कळ काढू शकते, असा एक ढोबळ आडाखा आहे. झोपेत तो काळ थोडा लांबतो, आणि जातीने लहान असलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत तो बहुधा कमीच भरतो. दोन महिन्यांच्या भुंग्याला या हिशेबाने तीन तास मिळत होते, म्हणून मी दीडचा आणि साडेचारचा असे दोन गजर लावत असे आणि डोळे न उघडताच त्याला उचलून बाहेर नेत असे. क्रेट पिल्लाला उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून पडता येईल इतकाच असावा, यामागेही हेच कारण असते. तो फार ऐसपैस असला, तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसरा कोपरा न्हाणीघर ठरवून टाकते. आमच्या क्रेटला मधे सरकवायची जाळी होती, आणि भुंगा वाढत गेला तशी ती जाळी मी वीतवीत मागे सरकवत गेले.

क्रेटचे समर्थन करताना कुत्रा हा मुळात बिळात राहणारा प्राणी आहे, असे पुष्कळ जण सांगतात. मीही काही दिवस हे आईला ऐकवून पाहिले. पण ते तितकेसे खरे नाही. लांडग्याची मादी बीळ वापरते ते पिल्लांना जन्म देण्यासाठी आणि ती अगदी लहान असेपर्यंत वाढवण्यासाठी. पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाली की कळप ते बीळ सोडून देतो आणि मोठे लांडगे उघड्यावरच झोपतात. शिवाय जगातल्या कुठल्याही बिळाला बाहेरून खिट्टी नसते. स्वीडनमध्ये तर प्रवासासारखे काही अपवाद सोडले, तर कुत्र्याला घरात क्रेटमध्ये कोंडून ठेवायला कायद्याने परवानगी नाही, आणि तिथलीही पिल्ले वाढतात, शिकतात, शहाणी होतात. तेव्हा सरळ सांगायचे तर क्रेट ही भुंग्याची गरज कमी आणि माझी जास्त होती. मी झोपलेली असताना त्याच्याकडे लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे होते आणि ते काम सळया करत होत्या. एकदा हे स्वतःशी कबूल केल्यावर पुढचा विचार करणे बरेच सोपे गेले.

पाच महिन्यांचा होईपर्यंत भुंगा रात्रभर कोरडा राहू लागला. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. सलग एकवीस फुल्या झाल्या तेव्हा मला वाटले की परीक्षा संपली. त्यातच आई चार दिवस राहायला आली होती आणि तिच्या देखत खिट्टी लावायला माझा हात जड होत होता. बाविसाव्या रात्री मी क्रेटचे दार उघडे ठेवले, खोलीचे दार लोटून घेतले आणि मोठे औदार्य केल्याच्या समाधानात झोपले.

पहाटे पाचच्या सुमारास मला जाग आली ती एका विचित्र आवाजाने. चावल्याचा तो आवाज नव्हता. घशातून काहीतरी नेटाने खाली ढकलल्याचा, ओला, दोन टप्प्यांतला आवाज होता. दिवा लावला तेव्हा भुंगा खोलीच्या मधोमध अत्यंत सज्जन चेहऱ्याने बसला होता आणि त्याच्या पुढच्या पायांशी लोकरी मोज्यांच्या जोडीतला एकच मोजा, लाळेने चिंब झालेला, पडला होता. दुसरा मोजा मी पलंगाखाली शोधला, गादीखाली शोधला, क्रेटमध्ये शोधला. तो कुठे आहे हे मला पहिल्या क्षणापासून माहीत असूनही शोधला. आमचे नशीब असे की तो आवाज मी स्वतः ऐकला होता, त्यामुळे वेळ नक्की सांगता आली. गिळलेली वस्तू पोटात असते तोवर, म्हणजे पहिल्या एक-दोन तासांत, डॉक्टरांना ती बहुतेक वेळा इंजेक्शन देऊन ओकवता येते. ती आतड्यात सरकून अडकली, तर प्रकरण थेट शस्त्रक्रियेवर जाते. घरी मीठ पाजून वगैरे ओकवायचा प्रयत्न कधीही करायचा नाही, कारण मिठाचीच विषबाधा होऊ शकते, हे फोनवर डॉक्टरांनी मला बजावले. सहा वाजता भुंग्याने तो मोजा त्यांच्या टेबलावर परत केला. अखंड होता, फक्त पीळ पडला होता. आई घरी वाट पाहत होती. तिने सगळे ऐकून घेतले, भुंग्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या रात्री, मी काही म्हणायच्या आत, खिट्टी तिनेच लावली.

एकवीस फुल्या खोट्या नव्हत्या, पण त्या दुसऱ्याच विषयाच्या होत्या. मूत्राशय पास झाले होते आणि मी त्या गुणांवर तोंडाला वरच्या वर्गात घातले होते. कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात अठ्ठावीस असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. म्हणजे पाचवा महिना हा त्या तोंडाला सर्वात जास्त शिवशिव सुटण्याचा काळ, आणि मी स्वातंत्र्याचा मुहूर्त नेमका तोच काढला होता. जमिनीवर पडलेले त्याचे दुधाचे दात मी झाडताना वेचून एका डबीत ठेवत होते, कौतुकाने लोकांना दाखवत होते. पण ते दात मला काय सांगत आहेत याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

यानंतर मी फुल्या मारणे सोडले आणि एक जुना मोबाईल कपाटावर उभा करून भुंग्याची रात्र टिपायला सुरुवात केली. या सगळ्या खटाटोपात मी केलेली एकमेव हुशारीची गोष्ट हीच, असे मला अजूनही वाटते. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की पिल्लू रात्री दहाला झोपते आणि सकाळी सहाला उठते, मधे झोपेचा एक सलग गठ्ठा असतो. प्रत्यक्षात कुत्र्याची झोप तशी नसतेच. लहान पिल्लू दिवसाकाठी अठरा-वीस तास झोपते खरे, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. मोठा कुत्राही रात्रीतून अनेकदा जागा होतो. पहिल्या रात्रीच्या चित्रीकरणात भुंगा सात वेळा उठलेला मी मोजला. उठे, कान टवकारी, स्वतःभोवती गिरकी घेई, नाकाने जाळी ढकलून पाही आणि पुन्हा आडवा होई. मी शेजारीच झोपलेली असे आणि मला यातले काहीही माहीत नव्हते.

मराठीत ‘जागा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि माझा सगळा घोळ त्या दोन अर्थांच्या मधे झाला होता. कुत्र्याने झोपायची जागा कोणती, क्रेटच्या आत की बाहेर, यावर मी महिनोन्‌महिने डोके चालवत होते. पण झोपलेला कुत्रा कुठेही झोपला तरी सारखाच निरुपद्रवी असतो. प्रश्न तो जागा झाल्यावर काय करतो, हा होता. मध्यरात्री जाग आल्यानंतरच्या त्या चार-पाच मिनिटांत, घर निजलेले असताना आणि कोणी पाहत नसताना, तो पुन्हा झोपेकडे वळतो की उद्योग शोधायला निघतो, एवढेच मला कळायला हवे होते.

मग मी दुपारी तपासणी सुरू केली. सुट्टीच्या दिवशी त्याला भरपूर चालवून, शू करवून आणून, खोलीत क्रेटचे दार उघडे ठेवायचे आणि आपण पुस्तक तोंडावर धरून पडायचे. झोपेचे सोंग करणे फार कष्टाचे असते, विशेषतः ज्याच्यापुढे ते करायचे त्याला तुमच्या श्वासावरून खरे-खोटे कळत असताना. भुंगा तासाभराने उठे. पहिले काही आठवडे तो उठला की थेट टेबलाच्या पायाशी जाई आणि बाजूच्या दाढेने, मान तिरकी करून, सावकाश कोरायला लागे. त्याचे नाव किती समर्पक आहे हे तेव्हा कळले. मी ‘अंहं’ म्हटले की थांबे. पण रात्री अंहं म्हणणारे कोणी जागे नसणार, म्हणून ती दुपार मी नापास धरत असे. रागावण्यात अर्थ नव्हता. टेबलाचा पाय आणि त्याचे चावायचे रबरी खेळणे यांत त्याला फरक दिसत नव्हता, तोवर खेळणे त्याच्या नाकासमोर आणि टेबल खोलीबाहेर, असा माझा बंदोबस्त असे.

आठव्या महिन्यात गाडी घसरली. जो ‘बस’ म्हटल्यावर बसत होता, तो माझ्याकडे पाहून, ऐकल्याची पूर्ण खात्री पटवून देऊन मग दुर्लक्ष करू लागला. 2020 साली बायॉलॉजी लेटर्स या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे, अंधांचे वाटाडे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवरचा. त्यात असे दिसले की पाच महिन्यांच्या तुलनेत आठ महिन्यांची पिल्ले आपल्या सांभाळणाऱ्या माणसाची ‘बस’ ही आज्ञा कमी मानतात, पण परक्या माणसाचे ऐकण्यात मात्र तशी घसरण होत नाही. पौगंडावस्था म्हणतात ती हीच. मला हे वाचून बरे वाटले आणि अपमानही वाटला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याने ‘बस’ म्हटले की भुंगा बसत होता, हे मी डोळ्यांनी पाहत होते. या वयात पुष्कळ लोक एकतर वैतागून क्रेट पुन्हा चोवीस तासांचा करतात किंवा ‘आता मोठा झाला’ म्हणून दार कायमचे उघडतात. मी त्या दोन महिन्यांत काहीच बदलले नाही. दुपार उघडी, रात्र बंद. कुत्र्याचे वय केवळ महिन्यांत मोजता येत नाही, आणि मोठ्या जातींचे कुत्रे दीड-दोन वर्षांचे होईतो पोरकटच असतात, त्यामुळे सहा महिने किंवा एक वर्ष असा एखादा आकडा कोणी ठामपणे सांगितला, तर तो कुत्र्यापेक्षा विचारणाऱ्याचे समाधान करण्यासाठी सांगितलेला असतो, असे माझे मत झाले आहे.

इथे एक गोष्ट मधेच सांगितली पाहिजे. हे सगळे माझे वाट पाहणे ज्याला क्रेट सोसत होता अशा कुत्र्याच्या बाबतीत होते. माझ्या ओळखीत एक कुत्री आहे, मोठी झाल्यावर घरी आणलेली. तिला क्रेटमध्ये बंद केले की ती लाळ गाळायची, थरथरायची आणि सुळा तुटेपर्यंत सळया चावायची. तो हट्ट नव्हता, ती भीतीने सैरभैर व्हायची. अशा प्राण्याला ‘सवय होईल’ म्हणून आत ठेवणे हे शिक्षण नव्हे. तिथे दार पहिल्या दिवशीच उघडावे आणि जाणकाराला गाठावे.

भुंगा अकरा महिन्यांचा होत आला तसे दुपारचे चित्र पालटले. तो उठे, खोलीत एक फेरी मारी, टेबलाच्या पायाला नाक लावी, जणू जुनी ओळख आहे एवढेच दाखवून पुढे जाई आणि खिडकीखाली अंग टाकी. अशा दुपारी एकामागून एक साठत गेल्या तेव्हा मी रात्रीची तयारी केली, आणि ही तयारी त्याच्यापेक्षा खोलीची अधिक होती. मी जमिनीवर पालथी पडले आणि हनुवटी फरशीला टेकवून चारी बाजूंना पाहिले. उभ्या माणसाला जी खोली स्वच्छ वाटते ती त्या उंचीवरून निराळीच दिसते. पलंगामागे चार्जरची वायर लोंबत होती. कपाटाखाली कधीचे हरवलेले एक कानातले होते. आणि पलंगाच्या पायामागे, भिंतीच्या फटीत, दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा होता, त्यात एक गोळी शिल्लक. माणसाची डोकेदुखी घालवणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करते. चॉकलेट, मनुका, आणि साखर नसलेल्या च्युइंगममधला झायलिटॉल हेही त्याला विषच. मोज्याच्या त्या रात्री ही गोळी तिथेच होती का, हे मला आठवेना. मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ फरशीवरच बसून राहिले.

रात्र पहिली, म्हणजे खरे तर दुसरी. खोलीचे दार बंद, क्रेटचे दार उघडे आणि मागे वळून लागू नये म्हणून सुतळीने बांधलेले, गळ्यातला पट्टा काढलेला, चावायचे खेळणे आणि पाण्याचे भांडे जागच्या जागी, मोजे कपाटात. झोपण्यापूर्वी शू करवून आणले. तो नेहमीप्रमाणे क्रेटमध्ये गेला, गिरकी घेऊन बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. तो ‘खट्’ची वाट पाहत होता हे मला काही क्षणांनी कळले. मी दिवा मालवला. बराच वेळ आतून हालचाल झाली नाही. मग फरशीवर नखांची टकटक सुरू झाली. पलंगापर्यंत आली, माझ्या हातापाशी गरम श्वास आला, थांबला, आणि टकटक परत फिरली. मी रात्रभर अर्धवट झोपेत तो आवाज मोजत राहिले. लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या पाकळीत मात्र निमूट अडकून राहतो, अशी एक जुनी कल्पना आहे. आमचा भुंगा दोन वाजता पुन्हा आपल्या मऊ गादीवर गेला आणि चारही पाय वर करून घोरू लागला.

सगळ्या रात्री अशा गेल्या नाहीत. नवव्या रात्री त्याने उशीचा एक कोपरा उसवला आणि सकाळी कापूस सगळीकडे होता. तेव्हा मी तीन रात्री खिट्टी पुन्हा लावली. ती लावताना पहिल्या वेळेसारखे अपयश वाटले नाही. एकदा, भर थंडीत, क्रेटबाहेर शू झाली. फरशी नुसती पुसून आपल्या नाकापुरता वास जातो, त्याच्या नाकापुरता जात नाही, म्हणून ती जागा एन्झाइम असलेल्या द्रवाने धुवावी लागते, नाहीतर तीच जागा पुढच्या वेळी बोलावते. ती धुतली आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. चौदाव्या महिन्यापर्यंत मी सुतळी बांधायचेही विसरू लागले.

क्रेट अजून तिथेच आहे. तो काढून खोली मोकळी करावी म्हणून मी एकदा घडी घालायला लागले, तेव्हा भुंगा आत जाऊन बसला आणि बाहेर येईना. मेघगर्जना झाली की तो तिथेच जातो. एरवी झोपतो तो असा, की धड आत आणि डोके उंबरठ्यावर, त्यामुळे मनात आणले तरी दार लावता येणार नाही. आईने हे पाहिले आणि म्हणाली, ‘पाळण्याचा कठडा काढलाय म्हणायचा.’ पिंजरा हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

काल रात्री पावणेतीनला मला कशानेतरी जाग आली. उठून पाहिले तर भुंगाही जागा होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याचे दोन डोळे तेवढे दिसत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याने एक लांब जांभई दिली, पुढचे पाय ताणले, उठून स्वतःभोवती एक गिरकी घेतली, हनुवटी पुन्हा उंबरठ्यावर टेकवली आणि मिनिटभरात त्याचा श्वास संथ झाला. मी उशीखाली हात घातला आणि मोबाईल बाहेर काढला.